उसनी लय

खडकवणात आता भांडणं होत नाहीत, हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते एसटीच्या कंडक्टरच्या. एके काळी या गावची माणसं गाडीत चढली की खिडकीवरून जुंपायची, पिशव्यांवरून जुंपायची, आणि उतरताना कंडक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच उतरायची. फौजेचं गाव ते. घरटी एक माणूस पलटणीतला, त्यामुळे आवाज चढेच. आता तीच माणसं रांगेत चढतात, तिकीट घेतात आणि गप बसतात. "गावात काय मयत झालीय का हो?" असं त्यानं एकदा गमतीनं विचारलं, तर कुणी हसलंसुद्धा नाही.

मयत झाली नव्हती. उलट मयती थांबल्या होत्या आणि त्याचंच सगळ्यांना कौतुक होतं. त्याआधीची वर्षं फार वाईट गेली होती. सरहद्दीवरून धडधाकट परतलेली माणसं घरी येऊन खचायची, आणि एखाद्या सकाळी गल्लीत आरडाओरडा झाला की बाया दाराशी येऊन एकमेकींकडे नुसत्या बघायच्या. कोण, एवढंच विचारायचं उरलेलं असायचं.

मग 'सहलय' आली. माणसं एकत्र राहिली की त्यांची शरीरं एकमेकांशी ताल जुळवतात, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होतं. रडणारं पोर आईनं छातीशी धरलं की निवतं, ते काही उगीच नाही. मेंदूतून निघून मान, छाती, पोट असा हिंडत जाणारा एक चेतातंतू असतो, व्हेगस त्याचं नाव. घाबरलेल्या काळजाला 'दमानं घे' असं सांगायचं काम त्याचं. त्याचा एक बारीक फाटा कानाच्या खळग्यापर्यंत येतो. पुण्याच्या एका संस्थेनं नेमकं तिथंच बोट ठेवलं आणि कानात बसणारी हरभऱ्याएवढी टिकली बनवली. एका माणसाच्या कानातली टिकली त्याचे ठोके आणि श्वास टिपायची. दुसऱ्याच्या कानातली टिकली त्याच तालावर त्या फाट्याला विजेचे सूक्ष्म झटके द्यायची, मुंगी चालल्यासारखे. पहिला दाता, दुसरा घेता. दात्यानं सावकाश श्वास सोडला की घेत्याचं काळीजही सावकाश व्हायचं. सोबत दोघांच्याही मनगटावर एकेक दिवा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, तांबडा म्हणजे संस्थेच्या केंद्रातून फोन.

दाता बहुतेक घरी बायकोच. आता याचा पुढचा अर्थ बघा. नवऱ्याचं काळीज जर बायकोच्या काळजावर चालणार, तर बायकोनं संतापायचं कधी? रडायचं कधी? जावेशी दोन शब्द तोडून बोलायचं कधी? खडकवणातल्या बायांनी या प्रश्नाचं उत्तर कुणालाही न विचारता आपापल्या घरात शोधलं, आणि ते उत्तर म्हणजेच त्या कंडक्टरला दिसलेली शांतता.

या सगळ्या बायांत सारिका फाळके पहिल्या नंबरची. तिचा नवरा हवालदार धनाजी फाळके. बर्फातल्या चौकीवर हिमकडा कोसळला तेव्हा त्याच्या जोडीचा जवान त्याच्या हाताशी गाडला गेला होता. तो बाहेर निघाला, जोडीदार निघाला नाही. घरी आल्यावर धनाजी झोपेत जमीन उकरायचा, नखं फुटेपर्यंत. जागेपणी भांडी भिरकवायचा आणि मग स्वतःच ती गोळा करत रडायचा. दोनदा सारिका वेळेवर पोचली म्हणून तो राहिला. तिसऱ्यांदा आपण पोचू का, या धास्तीनं ती न्हाणीचं दारसुद्धा लोटून घेईना.

टिकली बसवली आणि महिन्याभरात धनाजी निवला. उकरणं थांबलं, भिरकवणं थांबलं. सारिकाच्या मनगटावरचा दिवा तर कधी पिवळादेखील झाला नाही. तिची आई वारली तेव्हा माहेरची माणसं गळा काढून रडत होती, आणि ही भिंतीला टेकून लांब श्वास घेत, त्याहून लांब सोडत, डोळे कोरडे ठेवून बसली होती. "काय दगडाचं काळीज गं तुझं!" असं भाऊ म्हणाला.  घरी नवरा एकटा होता आणि तिचं काळीज तिकडं कामावर होतं.

*

सुभेदारतात्या गेले तेव्हा ज्वारी काढणीला आली होती.

हणमंत साळुंखे नाव त्यांचं, पण सगळ्या गावाचे सुभेदारतात्या. बायको वारलेली, मुलगा परदेशात. रोज चारच्या चहाला सारिकाकडं यायचे. आदल्या दिवशी आले ते कधीची नेलेली शिडी परत घेऊन आले. वर बायकोची तांब्याची घागरही आणली.

"ही तू ठेव पोरी. माझ्याकडं नुसती काळी पडतीय."

"तात्या, आवं काकींची घागर ती. अशी कशी देता?"

"वापरात राहील. तेवढंच."

सारिकाला हे लक्षण बरं वाटलं नाही. तिनं त्यांच्या मनगटाकडं पाहिलं. दिवा हिरवागार. मग ती चहा गाळायला उठली. पूर्वी असं झालं असतं तर तिनं धनाजीला हाक मारली असती, दोघांनी मिळून म्हाताऱ्याला खोदून खोदून विचारलं असतं. पण दिवा आल्यापासून गावात कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. विचारायचं काम दिवा करायचा.

सकाळी तात्या गेलेले सापडले. स्वतःहून गेले. कसे, ते सांगण्यात अर्थ नाही. मनगटावरचा दिवा शेवटपर्यंत हिरवाच होता, असं केंद्राच्या नोंदीत आढळलं आणि तिथं खळबळ उडाली. यंत्र बनवणाऱ्यांतल्या एक डॉक्टर, मुक्ता पारसनीस, स्वतः गाडी चालवत खडकवणात आल्या. तात्यांच्या ओसरीवर त्या गुडघ्यांना मिठी घालून बसल्या होत्या, तेव्हा सारिका त्यांना चहा घेऊन गेली.

"तात्यांना लय कुणाची होती, डॉक्टर? काकी तर कधीच्याच गेल्या."

"साठवणीतली. ज्यांच्या घरी कुणी नाही त्यांना आम्ही चांगल्या दात्यांची साठवलेली लय देतो." त्यांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "नाव सांगायचं नसतं. पण तुम्ही सारिका फाळके ना?"

"व्हय."

"तुमचीच होती, ताई. जिल्ह्यात तुमच्याइतकी स्थिर लय कुणाची नाही. एकट्या माणसांना बहुतेक तुमचीच जाते."

सारिका पायरीवर बसली. म्हणजे तात्या गेले तेव्हा तिचंच काळीज त्यांच्या कानात चालू होतं. तिच्या छातीत उमाळा आला आणि सवयीनं तिनं लांब श्वास सोडला. उमाळा गेला. डॉक्टर बघत होत्या.

"हे आत्ता काय केलंत तुम्ही?"

"कुठं काय?"

"रडू आलं होतं ना? कुठं गेलं ते? कुठं शिकलात हे? योगवर्गात?"

"न्हाई वो. फोनवर."

मग सारिकानं सांगितलं. फौजेच्या घरात एक रीत असते, वर ड्यूटीवर असलेल्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही. त्याचं लक्ष विचलित झालं तर तो जिवाला मुकेल. धनाजी बर्फात होता तेव्हा त्यांची ओवी तापानं गेली. दोन वर्षांची होती. सासूनं सारिकाचे डोळे पुसले आणि सांगितलं, रडायचं तर मळ्यात जाऊन रड, फोनवर आवाज हलता कामा नये. धनाजी फोनवर विचारायचा, "ओवी काय करतीय?" सारिका लांब श्वास घ्यायची, सावकाश सोडायची आणि म्हणायची, "झोपलीय." तो सुट्टीवर येईपर्यंत प्रत्येक फोनला हेच. तो आला तेव्हा एसटी स्टँडवरच भावकीतल्या माणसांनी त्याच्या कानावर घातलं. घरी येऊन तो काही बोलला नाही, तीही बोलली नाही. पुढं मूल झालं नाही आणि तो विषयही पुन्हा निघाला नाही.

"आमच्या गावातल्या सगळ्याच बायांना येतं हे," सारिका म्हणाली. "आयाबायाच शिकवतात."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. चहा तसाच निवत राहिला.

"आलेखावर हे आणि खरी शांतता अगदी सारखीच दिसते," त्या हळू म्हणाल्या. "लांब श्वास सोडला की ठोके संथ होतात, लय सुंदर उमटते. आम्ही ठोके मोजले, श्वास मोजला. आत काय दाबलंय ते मोजलंच नाही. ताई, आम्ही या माणसांना शांत केलं नाही. तुमच्यासारखं दाबायला शिकवलं. भीती दाबायची, रडणं दाबायचं, मदत मागणंसुद्धा दाबायचं. कुकरच्या शिट्टीत बोळा कोंबला आणि आवाज थांबला म्हणून खूश झालो."

"मग काढा ती टिकली! आत्ता काढा!"

"एकदम काढली तर धनाजीराव पुन्हा पहिल्या जागी येतील. तुम्ही दोनदा पोचलात. तिसऱ्यांदा काय, ते मी सांगू शकत नाही. संस्थेला मी हे कळवते, पण त्यांना पटेपर्यंत वेळ जाणार. आकडे त्यांच्या बाजूनं आहेत."

"तोवर मी काय करू?"

डॉक्टरांनी तिचा हात धरला. "जे दाबून धरलंय ते त्यांच्यासमोर सोडा. टिकली चालू असतानाच. तुमचं खरं रडणं त्यांच्यात उतरलं तर ती सवय कदाचित मोडेल. आणि सरळ विचारा, जीव द्यायचं मनात येतं का म्हणून. विचारल्यानं ते डोक्यात शिरतं, हा गैरसमज आहे. उलट माणूस विचारण्याचीच वाट बघत असतो."

"दिवा तांबडा हुईल की."

"होईल. मी केंद्रात सांगून ठेवते, मध्ये पडू नका म्हणून. ऐकतील का ते मात्र ठाऊक नाही."

*

घरी परतली तर धनाजी विहिरीवर मोटारीच्या पेटीपाशी उभा होता. त्यानं तिला जवळ बोलावलं.

"हे बघ, हे बटण आधी, मग हे. लाइट येऊन-जाऊन करायला लागली तर हे खाली पाडायचं. आलं ध्यानात?"

"मला कशाला शिकवताय? तुमी हाय की."

"यायला हवं तुला."

शेजारच्या सोपाननं त्याच दिवशी सकाळी सांगितलं होतं की धनाजीनं त्याला पलटणीतले बूट देऊन टाकले. चांगले, जपून तेल लावून ठेवलेले बूट. सारिकाला तात्यांची घागर आठवली. देवा, हे तसंच चाललंय. अगदी तसंच. तिनं त्याच्या मनगटाकडं पाहिलं. हिरवा. स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. तोही हिरवा. जीव जायची पाळी आली आणि हा मेला दिवा हिरवा!

ती वाट बघत बसली नाही. धनाजी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसला तशी ती त्याच्यासमोर जाऊन बसली. दुपारचं ऊन पायरीवर आलं होतं, कोंबड्या टरफलांभोवती फिरत होत्या.

"अहो, एक विचारू?"

"विचार."

"जीव द्यायचं मनात येतं का तुमच्या?"

त्याचे हात थांबले नाहीत. एक शेंग फुटली, दाणे सुपात पडले.

"रोज," तो म्हणाला.

भाजीत मीठ कमी आहे का असं विचारल्यावर सांगावं, तशा आवाजात म्हणाला. सारिकाचा श्वास आपसूक लांब व्हायला लागला. तिनं दात आवळले आणि तो अर्ध्यावर तोडला.

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगण्यासारखं काही वाटलं नाही. काहीच वाटत नाही गं सारिका. आधी भीती वाटायची, ते तरी बरं होतं. आता सकाळी उठतो, जेवतो, झोपतो. तू समोर बसलीयस हे दिसतं, पण तू माझी कोण आहेस ते आठवावं लागतं. मग वाटतं, कशाला?"

"मी सांगते कोण हाय ते. मी ओवीची आई."

हे नाव या घरात कितीतरी वर्षांनी उच्चारलं गेलं होतं. धनाजीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"जीपमधून साताऱ्याला नेत होते तिला," सारिका सांगू लागली. "माझ्या मांडीवर होती. अंग नुसतं भाजत होतं. तुमचा फोटो होता ना मोबाइलवर, टोपीतला, तो दाखव दाखव म्हणायची. दाखवला. मग म्हणाली, पाणी. पाणी पाजेपर्यंत..." तिचा श्वास पुन्हा लांब व्हायला लागला. तिनं पुन्हा तो तोडला, तोंडानं हवा ओढली, धापा टाकल्या. "आणि तुमी फोनवर विचारायचा आणि मी म्हणायची, झोपलीय. कसली बाई मी!"

"मला ठाऊक होतं."

"काय?"

"तेव्हाच ठाऊक होतं. दुपारी फोन केला तरी झोपलीय, सकाळी सातला केला तरी झोपलीय. असं कुठलं पोर झोपतं?"

"मग विचारलं का न्हाई तुमी?"

"तू एवढं सांभाळून बोलत होतीस," धनाजी म्हणाला. "म्हटलं, विचारलं तर तिकडं तू एकटी मोडून पडशील."

आणि सारिका मोडली. आधी कसलातरी चमत्कारिक आवाज तिच्या घशातून आला, तिचा तिलाच ओळखू आला नाही. मग ती हंबरडा फोडून रडली. सगळ्या वर्षांचं एकदम आलं, ओवीचं, आईचं, तात्यांचं, या माणसाचं. कोंबड्या उधळल्या. शेजारची सोपानची बायको घाबरून कुंपणापाशी आली. गावात कुणाचं रडणं ऐकून तिला किती वर्षं झाली होती! सारिकाचा दिवा पिवळा झाला आणि लगेच तांबडा झाला.

धनाजीच्या पुढ्यातलं सूप कलंडलं.  "ओवी," तो म्हणाला. मग "ओवी गं, माझी बाय," असं म्हणत तो पुढं सरकला आणि त्यानं सारिकाच्या खांद्यात तोंड खुपसलं. इतक्या जोरात त्यानं तिला धरलं की तिच्या बांगड्या पिचल्या. तो थरथरत होता, घाबरला होता, रडत होता. तिच्या कानाशी तो म्हणाला, "मला मरायचं नाही गं सारिका. मला सोडू नकोस."

"न्हाई सोडत. रडा. रडा तुमी."

तेवढ्यात तिच्या मनगटावरची पट्टी बोलू लागली. केंद्रातली मुलगी होती. आवाज गोड, कामात अगदी चोख.

"नमस्कार सारिकाताई. तुमच्या घरी दोन तांबडे दिवे दिसतायत. घाबरू नका, आम्ही आहोत."

"मध्ये पडू नगा! डॉक्टर पारसनीसबाईंना विचारा, त्यांनी सांगितलंय!"

"मॅडमचा निरोप आहे इथं, ताई. पण वरून मंजुरी नाही त्याला. तांबड्या दिव्यात आम्हाला थांबता येत नाही, जिवाचा प्रश्न असतो. धनाजीकाकांना साठवणीतली लय जोडतेय. तुमचीच आहे, सगळ्यात चांगली."

"नगा जोडू! पोरी, तुझ्या पाया पडते, नगा जोडू!"

धनाजीच्या बोटांची पकड ढिली झाली. सारिकाला ते खांद्यावर कळलं, बोट बोट करून कळलं. त्याचा श्वास लांब झाला. तिचाच श्वास तो, कुठल्याशा जुन्या दिवशीचा, तिनं काहीतरी गिळलं होतं तेव्हाचा. ती त्याच्या कानाकडं झेपावली, टिकली उपटून काढायला. त्यानं तिचं मनगट हळूच धरलं आणि बाजूला केलं.

"राहू दे गं. आता बरं वाटतंय."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं, सूप सरळ केलं आणि सांडलेले दाणे गोळा करायला लागला. त्याचा दिवा हिरवा झाला.

"काका ठीक आहेत, ताई," मुलगी म्हणाली. "पण तुमचा दिवा अजून तांबडाच आहे. तांबडा दाता घेत्याजवळ ठेवता येत नाही. गाडी पाठवू का? थोडे दिवस माहेरी राहा, बरं वाटलं की परत या."

"मी यांना सोडून कुटं जाणार न्हाई."

"मग तुम्हालाही लय जोडावी लागेल. टिकली तीच असते, मी इथून फक्त दिशा उलटी करते. तुमची स्वतःचीच आहे म्हणून लगेच लागू पडेल. जोडू?"

सारिका नवऱ्याकडं बघत राहिली. तो एकेक दाणा उचलून फुंकर मारत होता. गाडी आली तर हा इथं एकटा उरणार, त्या 'रोज'बरोबर. तिच्या डोळ्यांतून अजून पाणी चाललं होतं आणि हे पाणी आता पुन्हा यायचं नाही, हे तिला पुरतं कळत होतं.

"जोडा," ती म्हणाली.

कानात मुंगी चालल्यासारखं झालं. छातीतला उमाळा वर आला, थांबला आणि खाली बसला. सोपानची बायको कुंपणापाशी थोडा वेळ उभी राहिली आणि आपल्या मनगटाकडं बघत घरात निघून गेली.

"चहा टाकतेस का?" धनाजीनं विचारलं.

सारिका उठली. पाणी ठेवलं, साखर घातली, आलं ठेचलं. तो रोज म्हणाला होता, आणि त्याआधी बूट देऊन टाकले होते, मोटारीची बटणं शिकवली होती. सगळं तिला अगदी नीट आठवत होतं. फक्त भीती वाटत नव्हती.